पुण्यात रिसेल फ्लॅट घेताय? टोकन द्यायच्या आधी कागदांचा हा क्रम बघून घ्या

नवीन स्कीममध्ये बुकिंग केलं तर निदान महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) साइट असते, बिल्डरचं सेल्स ऑफिस असतं, काही ना काही ठरलेली पद्धत असते. रिसेलमध्ये तसं काही नाही. एक एजंट, एक विकणारा, एक सोसायटीचा सेक्रेटरी, एक बँकेचा एक्झिक्युटिव्ह आणि एक वकील, आणि हे पाच जण एकमेकांशी थेट बोलत नाहीत, सगळं तुमच्यामार्फत चालतं. त्यामुळे कुठला कागद कुणाकडून आणि कधी, हे तुम्हालाच माहिती पाहिजे. मी या सगळ्यातून गेलोय आणि तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितोय. मी वकील नाही. खाली जे आहे ते पुणे मनपा हद्दीतल्या, सोसायटी किंवा अपार्टमेंटमधल्या फ्लॅटबद्दल आहे, मुंबईवाल्यांना बरंचसं लागू पडेल पण मुद्रांकाचे टक्के वेगळे.

एकच धोरण ठेवा, पैसा जितका पुढे जाईल तितका कागद त्याच्या आधी पुढे गेलेला पाहिजे. एजंटला घाई असते, "दुसरी पार्टी तयार आहे" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच आहे, ऐका आणि सोडून द्या.

१. आधी खरा आकडा काढा

फ्लॅट ७२ लाखांचा ठरला असं धरू. लोक हिशोब करतात की बँक ८० टक्के देईल, म्हणजे ५७.६ लाख, मग आपले १४.४ लाख घातले की झालं. नाही होत. पुण्यात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १, असे एकूण ७ टक्के म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. म्हणजे ५ लाख ३४ हजार हे तुमच्या खिशातून, बँक यावर लोन देत नाही. शिवाय एजंटचं कमिशन, वकिलाची फी, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचं ट्रान्सफर. घरात रंग आणि किचन करायचं असेल तर ते वेगळंच.

बँकेचं प्रमाण रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय, ३० लाखांपर्यंतच्या लोनला ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५. आणि हे बँकेच्या व्हॅल्युएशनवर, तुम्ही ठरवलेल्या किमतीवर नाही. जुन्या बिल्डिंगचं व्हॅल्युएशन कमी आलं की फरक तुम्हीच भरायचा.

फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, वरच्या उदाहरणात ७२ हजार वाचतात. पण नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सूट गेली, खरेदीदार सगळ्या बायकाच पाहिजेत. आणि मुद्रांक लागतो तो तुमची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर, म्हणून रेकनरचा दर आधीच काढून ठेवा.

२. कागदांच्या झेरॉक्स मागा, टोकनच्या आधी

आधी झेरॉक्सच मागा, ओरिजिनल फक्त डोळ्याने बघायचे. हे हवेत:

- बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतलेला करारनामा आणि त्यानंतरचा प्रत्येक दस्त, मधला एकही न गाळता
- प्रत्येक दस्ताची सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसातला दस्ताचा सारांश), आणि नोंदणीची पावती
- शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), पुढची आणि मागची दोन्ही बाजू
- भोगवटा प्रमाणपत्र किंवा कम्प्लिशन (बिल्डिंग पूर्ण झाल्याचा, राहायला परवानगीचा मनपाचा दाखला)
- चालू वर्षाची मिळकत कराची पावती, लाइट बिल, मेंटेनन्सची शेवटची पावती
- विकणाऱ्याचं पॅन आणि आधार
- लोन असेल तर बँकेचं स्टेटमेंट

मागे पडलेला एखादा जुना करारनामा हरवलाय असं बऱ्याचदा निघतं. त्याने व्यवहार मरत नाही, पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद, पेपरात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून (सब-रजिस्ट्रारकडून) प्रमाणित प्रत, एवढं विकणाऱ्याने करून द्यायचं. पण ओरिजिनल "हरवलाय" याचा अर्थ कधी कधी तो कुठेतरी गहाण पडलाय असाही असतो, म्हणून ही नोटीस त्याच्या खर्चाने आणि टोकनच्या आधी.

क्षेत्रफळ नीट बघा. नव्वदच्या दशकातल्या करारनाम्यात बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं, एजंट सेलेबल (जिना-लॉबीचा वाटा धरून) सांगतो, आणि बँकेचा माणूस येऊन कार्पेट (भिंतींच्या आतलं) मोजतो. तिन्ही आकडे वेगळे. टेरेस बंद करून केलेली खोली मंजूर नकाशात नसेल तर ती खोली म्हणून पैसे द्यायचे का हे तुम्ही ठरवा, बँक मात्र ती धरणार नाही.

३. विकणारा खरंच मालक आहे का

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बाकी चुका पैशाने निस्तरतात, ही कोर्टात जाते.

नेहमीचा प्रकार सांगतो. वडील गेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटच्या मागे आईचं नाव चढवलं. आता आई आणि सोबत राहणारा मुलगा फ्लॅट विकतायत. एजंट म्हणतो सोसायटीत नाव आहे ना, मग काय बघायचं. बघायचं हे की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा एवढ्यापुरतं ते नाव असतं. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असंच धरतात. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळे सारखे वारस. म्हणजे नाशिकला दिलेली बहीण, जिचं नाव या सगळ्या बोलण्यात एकदाही आलेलं नाही, तिची सही लागणार. एकतर ती विक्रीच्या दस्तात विकणारी म्हणून उभी राहील, नाहीतर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेलं पाहिजे. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं "माझी हरकत नाही" चालत नाही, कितीही गोड बोलून दाखवलं तरी.

मृत्यूचा दाखला मागा आणि घरात किती भावंडं हे सरळ विचारा, लाजू नका. शेजाऱ्यांशी पाच मिनिटं गप्पा मारल्या तरी कळतं की एक भाऊ बंगलोरला असतो आणि त्याचं यांच्याशी पटत नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार कोथरूड-औंध बाजूला फार, मालक न्यू जर्सीत आणि इथे मामा किंवा मित्र कुलमुखत्यारपत्र घेऊन उभा. त्यात विक्री करायचा आणि नोंदणीला हजर राहायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, ते परदेशात वकिलातीकडून किंवा अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा प्रमाणीकरणाचा शिक्का) करून आलंय का, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरलाय का हे वकिलाकडून बघून घ्या. आणि मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, कारण मालक गेला की मुखत्यारपत्र तिथेच संपतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर फ्लॅट "विकत" घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ सालीच ते स्पष्ट केलंय, तरी असे व्यवहार स्वस्तात दाखवणारे भेटतात.

४. सोसायटी आहे का अपार्टमेंट

पुण्यात हा घोळ खास आहे. गेटवर "अमुक सोसायटी" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ते १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच, तिथे डीड ऑफ अपार्टमेंट बघायचं, ते विकणाऱ्याच्या नावावर झालेलं आहे का, का बिल्डरने अजून कुणालाच करून दिलेलं नाही.

सोसायटी असेल तर जमीन तिच्या नावावर झालीय का ते विचारा. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव असेल तर कन्व्हेयन्स झालेलं नाही. याने आज तुमची खरेदी थांबत नाही आणि मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरने सही दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची) सोय कायद्यात आहे, पण बिल्डिंग तीस वर्षांची असेल आणि तुम्ही रिडेव्हलपमेंटच्या आशेवर घेत असाल तर किंमत ठरवताना हे धरा.

विक्रीसाठी सोसायटीची एनओसी आदर्श उपविधींप्रमाणे सक्तीची नाही. पण बँकेला तिच्या फॉरमॅटमध्ये एनओसी लागते, त्यामुळे सेक्रेटरींशी भांडून उपयोग नाही, गोड बोला. ट्रान्सफर प्रीमियम मात्र शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे मनपा हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, त्याच्यावर "बिल्डिंग फंड", "ऐच्छिक देणगी" अशा नावांनी मागितलं तर पावती आणि ठरावाची प्रत मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच थंडावतो. कोण भरणार, विकणारा का तुम्ही, हे आधीच ठरवून लिहून घ्या. पार्किंगचंही तसंच, "पार्किंग सोबत आहे" असं एजंट म्हणतो, सोसायटीचं वाटपपत्र आहे का बघा, स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकताच येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय.

५. सर्च आणि वकील

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर मोफत शोध आहे, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकून तुम्हीच इंडेक्स टू बघू शकता. त्या मिळकतीवर कुणी आधीच साठेखत (विकायचा करार) केलंय का, बँकेच्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (मिळकत गहाण ठेवल्याची निबंधकाकडची सूचना) पडलीय का, हे तिथे दिसतं. गावाचं नाव जरा विचार करून टाका, लोक एरिया म्हणून जे नाव सांगतात ते आणि दस्तातलं महसुली गाव एकच असेल असं नाही. बाणेरला राहतो म्हणणाऱ्याचा फ्लॅट कागदावर शेजारच्या गावात निघू शकतो. साइट मधेच लटकते, कॅप्चा चुकवते, रात्री बसा.

हे झालं तरी वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) घ्याच, कारण जुने दस्त ऑनलाइन नीट सापडत नाहीत, त्याचा माणूस ऑफिसात जाऊन रजिस्टर बघतो. वकील तुमचा पाहिजे. एजंटने सुचवलेला नको आणि "बँकेने लीगल केलंय की" यावरही थांबू नका, बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढंच बघतो. तो रिपोर्ट बरेचदा तुम्हाला दाखवतसुद्धा नाहीत.

वकील पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगेल, चौदा दिवसांची. कंटाळा करू नका, दूरचा वारस याच नोटिशीने उगवतो आणि आत्ता उगवलेला बरा.

६. टोकन आणि विसार

टोकन छोटं ठेवा आणि चेक किंवा ऑनलाइनच द्या. विसार पावतीत (आगाऊ रकमेच्या लेखी पावतीत) किंमत, मुदत, काय काय सोबत येणार, आणि दोन वाक्यं हवीतच, टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला किंवा बँकेने मिळकतीच्या कागदांमुळे लोन नाकारलं तर पूर्ण रक्कम परत. दुसरं वाक्य एजंट गाळायला बघतो.

रोखीचा विषय निघेल. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि रोख दिलेला भाग तुमच्या लोनमध्येही दिसत नाही आणि पुढे विकताना खरेदी किंमत म्हणूनही दाखवता येत नाही. नको म्हणा.

७. विकणाऱ्याचं लोन चालू असेल तर

घाबरायचं कारण नाही, निम्मे व्यवहार असेच होतात असं म्हटलं तरी चालेल. फक्त क्रम पाळा. विकणाऱ्याने त्याच्या बँकेकडून दोन कागद आणायचे, फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेला इतके भरले की खातं बंद, आणि बँकेत जमा असलेल्या ओरिजिनल कागदांची यादी. ती यादी तुमच्याकडच्या झेरॉक्सशी ताडून बघा. मग तुमची बँक पहिला चेक थेट त्याच्या बँकेच्या लोन खात्याच्या नावाने काढते, विकणाऱ्याच्या सेव्हिंगच्या नावाने नाही. "मी भरतो ना, तुम्ही मला ट्रान्सफर करा" याला स्पष्ट नाही म्हणायचं. खातं बंद झाल्यावर त्याच्या बँकेने ओरिजिनल सोडले की ते सरळ तुमच्या बँकेकडे जमा.

८. मुद्रांक आणि नोंदणी

लोन असेल तर पुण्यात बहुतेक दोन दस्त होतात. आधी साठेखत, त्यावर पूर्ण मुद्रांक आणि नोंदणी, मग बँकेचे पैसे गेले की खरेदीखत, ते नाममात्र मुद्रांकावर. काही बँका थेट खरेदीखतच्या दिवशी चेक देतात, मग एकच दस्त. दोन दस्तवाल्यांना सांगतो, साठेखत झालं, राहायला आलो, आणि खरेदीखत राहून गेलं अशी माणसं भरपूर आहेत. साठेखत म्हणजे विकायचा करार, मालकी खरेदीखताने येते. विकणारा म्हातारा असेल किंवा परदेशी जाणार असेल तर लगेच करून घ्या.

चलन ग्रास (राज्य सरकारच्या ऑनलाइन भरण्याच्या) पोर्टलवरून भरायचं, वकील दस्ताचा डेटा ऑनलाइन भरतो आणि वेळ घेतो. सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदणी झाली पाहिजे. पुणे शहरात कुठल्याही हवेली दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाता येतं, कमी गर्दीचं निवडा.

त्या दिवशी ओरिजिनल आधार, पॅन, फोटो आणि दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसकट न्या. आत बोलावलं की फोटो आणि अंगठा मशिनवर, आणि इथे ज्येष्ठ लोकांचा अंगठा हमखास उठत नाही, हात धुवून, पुसून, परत, त्याने अर्धा तास जातो, चिडू नका. त्याआधी ऑपरेटर एक छापील गोषवारा हातात देतो आणि म्हणतो बघून सही करा. मागे रांग असते, सगळे तुमच्याकडे बघत असतात, तरी तो कागद घेऊन बाजूला जा आणि ओळ न् ओळ वाचा: नावांचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर, मजला, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, रक्कम. इंडेक्स टू यावरूनच निघतो. इथे एक आकडा चुकला तर नंतर चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो आणि त्याला विकणाऱ्याने परत ऑफिसात यावं लागतं, पैसे मिळाल्यावर तो किती उत्साहाने येईल ते तुम्हीच ठरवा.

९. टीडीएस

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. ७२ लाखांवर ७२ हजार, हे विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून कापून त्याच्या पॅनवर भरायचे, ज्या महिन्यात कापले तो संपल्यापासून ३० दिवसांत. नवरा-बायको दोघं घेतायत म्हणून ३६-३६ लाख धरून सुटत नाही, मर्यादा सगळ्यांची मिळून बघतात. हप्त्याहप्त्याने पैसे देत असाल तर प्रत्येक हप्त्यातून कापा. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आधी तपासा, नसेल तर दर एकदम वर जातो आणि नोटीस तुम्हाला येते.

विकणारा अनिवासी असेल तर हे गणितच वेगळं, रक्कम ५० लाखांच्या खाली असली तरी कापावं लागतं आणि दर बराच जास्त. तो आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणू शकतो. हा भाग सीएकडूनच करून घ्या.

१०. ताबा आणि नावं

ताब्याच्या दिवशी लाइट आणि गॅसच्या मीटरचा फोटो, सोसायटीचं ना-देय प्रमाणपत्र, आणि साधी ताबा पावती. मग नावं बदलायची, सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर, महावितरणकडे आणि मनपाच्या मिळकत करात. पुणे मनपात स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत मिळते पण त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरावा लागतो, आधीच्या मालकाने भाडेकरू ठेवला असेल तर ती सवलत बंद असू शकते, पहिलं बिल आल्यावर बघा. सोसायटीत नॉमिनेशनही त्याच आठवड्यात करून टाका. वर वाचलंत तसं नॉमिनेशन पुरेसं नाही, मृत्युपत्र वेगळं करावं लागतं, पण ते नंतर.

११. पुढे लोन दुसऱ्या बँकेत नेताना

दोन-चार वर्षांनी कुणीतरी कमी व्याज दाखवेल. फ्लोटिंग रेटच्या गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, तेवढी चिंता नको. पण आधी चालू बँकेलाच दर कमी करायचा अर्ज द्या. थोडीशी फी घेऊन ती स्प्रेड (मूळ दरावर बँक लावते ती वाढ) कमी करते आणि तुमची धावपळ वाचते. नाहीच ऐकलं तर नवीन बँकेची प्रोसेसिंग फी, वकील-व्हॅल्युएशनचा खर्च आणि नव्याने गहाणाचा मुद्रांक धरून हिशोब करा. परतफेडीची शेवटची चार-पाच वर्षंच उरली असतील तर व्याज बहुतेक भरून झालेलं असतं, मग फारसा फायदा निघत नाही. बदली करताना टॉपअप आणि विमा गळ्यात मारायला बघतात, विमा सक्तीचा नाही.

नवीन बँकेत कागद जमा केले की गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत ऑनलाइन फाइल करायची असते, हे काम कर्जदाराचं आहे, बँकेचं नाही, उशीर झाला तर दंड. बँकेचा माणूस "करून देतो" म्हणून जास्त पैसे घेतो, पावती मागून घ्या.

१२. लोन फिटल्यावर

ओरिजिनल कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कागद घेताना जमा करतानाच्या यादीप्रमाणे एकेक पान मोजून घ्या. नो ड्यूज सर्टिफिकेट, सेरसाईवरचा (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतला) बोजा उतरवल्याचा पुरावा आणि सोसायटीला "आमचा बोजा संपला" असं बँकेचं पत्र, हे तीन कागद बँक आपणहून देईलच असं नाही, अर्जात नाव घालून मागा, आणि महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढून लोन बंद दिसतंय का बघा.